गोदाच्या रिपोर्टचं मराठी

पुणे, १४ फेब्रुवारी

प्रिय गोदा,

तू पोचलीस हे दत्तप्रसादने फोनवर कळवलं. तुला बोलायला दे म्हटलं, तर म्हणाला, "आई म्हणते, फोनवरचं बोलणं हवेत जाते, पत्र टाक म्हणा." तुझा मुलगा तुझी नक्कल फार छान करतो. बेचाळीस वर्षं आपण पत्रांवर निभावलं, आता शेवटी शेवटी मोबाइलच्या नादी कशाला लागायचं.

"शेवटी शेवटी" खोडणार होते. राहू दे. म्हातारपणाच्या अर्थाने घे, दोघीही त्रेसष्टच्या झालो.

मंगळवारचा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सकाळी आलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. रिसोडहून पुण्याला एका दिवसासाठी कोणी येतं का? मी चार दिवस राहा म्हटलं होतं. म्हटलं होतं ना? म्हटलं असेनच. इतकी वर्षं पुण्यात काढली म्हणून काही मी अगदीच बिघडलेली नाही.

मेट्रोचा सरकता जिना पाहून तू चपला काढून हातात घेतल्यास. मागचा माणूस म्हणाला, "आजी, देऊळ पुढे आहे. हा जिना आहे." तू वळून म्हणालीस, "माह्या पायाची काळजी मले, तुह्या पायाची तुले." तो गप्प झाला. पुण्यातल्या माणसाला गप्प करायला मला दहा वर्षं लागली होती, तू पहिल्या तासात करून दाखवलंस.

मंडईला उतरून आपण दगडूशेठला गेलो. त्या गर्दीत तू कापडी पिशवी छातीशी धरून उभी होतीस. पाकीटमार असतात हे मीच सांगितलं होतं, पण पिशवीत पैसे नव्हते हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. गणपतीकडे काय मागितलंस विचारलं, तर म्हणालीस, "आधी काय झालं ते तं समजू दे, मंग मागीन."

नंतर बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांपुढे तू बराच वेळ रेंगाळलीस. एका दुकानदाराने "काय हवंय?" विचारलं. तू म्हणालीस, "पाहतो नुसतं." तो म्हणाला, "मग बाजूला उभं राहून पाहा, गिऱ्हाइकाला वाट द्या." मला त्याचा राग आला आणि तुला हसू. चौथीपर्यंत वर्गात पहिला नंबर तुझा आणि दुसरा माझा. मग तुझी धाकटी बहीण राधा झाली, तिला सांभाळायला तुला घरी बसवलं, आणि पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा पहिला नंबर आपोआप माझा झाला. पुढे त्याच इंग्रजीवर मी एकतीस वर्षं शाळेत पगार घेतला.

तुळशीबागेत तू जांभळ्या खणाचं एक कापड हातात घेतलंस. "राधेचा रंग हाय," म्हणालीस आणि परत ठेवून दिलंस. घे ना तिच्यासाठी, म्हटलं. तू म्हणालीस, "नऊ वर्षं झाली. आईच्या तेराव्याले भर मांडवात मले बोलली ते तुले ठाऊक हाय. माही जायची वेळ आली तं जाऊन बोलीन तिच्याशी. नसंन आली तं तिच्या दारात पाय ठेवनार नाई." मी खूप हसले. इतकी हसले की दुकानातली मुलगी बघायला लागली.

जेवणाबद्दल क्षमा असावी. तू ठेचा मागितलास आणि वाढप्याने साखरेची वाटी पुढे सरकवली, त्यात माझा दोष नाही. कात्रजचं सर्पोद्यान मात्र तुला आवडलं. काचेमागचा नाग बघून तू म्हणालीस, "हा तं आमच्या वावरात फुकट दिसते," आणि तरी पाऊण तास तिथून हलली नाहीस. नंतर आपण तळ्याकडे तोंड करून बाकावर बसलो. तू पिशवीतून कागद काढलेस, मी वाचले, तुला सांगितलं, विषय संपला.

त्या कागदांचा आता विचार करू नकोस. दत्ताच्या कपाटातून जसे काढलेस तसेच परत ठेव, म्हणजे बोलणी खावी लागणार नाहीत. गाठ साधी आहे. डाव्या हाताने भरलेली कळशी मात्र उचलू नकोस. उगाच आपलं.

तुझी,
आनंदी

&nbsp;

पुणे, ९ मार्च

प्रिय गोदा,

तुझं पत्र काल मिळालं. तुझं अक्षर अजून चौथीतल्यासारखंच वळणदार आहे. माझं फळ्यावर लिहून लिहून बिघडलं.

तू लिहितेस, "तू वाचून दाखवल्यापासून रात्री झोप लागते. दत्ता रोज म्हणते गाठ काढून घेऊ, पुण्याले जाऊ. मी त्याले साफ सांगितलं, आनंदीनं कागद वाचला, तिथं तसं काही लिहून नाही. हात लावायची गरज नाही म्हणून तिनं सांगितलं. आता ब्रह्मदेव आला तरी मी कापून घेत नाही. तो म्हणते कोणाचं ऐकशीन? मी म्हटलं, जिनं वाचलं तिचं."

हे वाचलं आणि चहा तसाच राहिला.

गोदा, मी "हात लावायची गरज नाही" असं म्हटलं नसावं. "आत्ता लगेच गरज नाही" असं काहीतरी म्हटलं असेन. या दोन्हीत फरक आहे. साधी गाठसुद्धा लोक काढून टाकतात. आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी मानेवरची काढली, दुपारी घरी येऊन कुकर लावला. दत्ता म्हणतोय तर एकदा जाऊन ये. पुण्यालाच यायला हवं असं काही नाही, नागपूरला उत्तम सोय आहे, अकोल्यालाही असेल. मी डॉक्टर नाही, इंग्रजीची मास्तरीण आहे, आणि तीही निवृत्त.

श्रीनिवासांना जाऊन सहा वर्षं झाली. तुला मी तेव्हा सगळं लिहिलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं आणि पडद्यावर चित्रं दाखवून, किती पसरलंय, किती महिने आहेत, सगळं सांगितलं. फार प्रामाणिक डॉक्टर. हे घरी आले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा लावला नाही. पेपर बंद, शब्दकोडं बंद. सहा महिने सांगितले होते, अकरा दिवसांत गेले. तेव्हापासून माणसाला त्याचं दुखणं नाव घेऊन सांगू नये, असं माझं ठाम मत झालंय. हे तुला आज का लिहितेय कोण जाणे.

दत्ताचं ऐक. माझं सोड.

तुझी,
आनंदी

&nbsp;

पुणे, १२ मार्च

गोदा,

हे पत्र मी टाकीन की नाही माहीत नाही. लिहून तर बघते.

सकाळी दत्तप्रसादचा फोन आला. म्हणाला, "मावशी, मी शाळेतून बोलतोय, घरून बोलता येत नाही. तुम्ही आईला नेमकं काय सांगितलं?" मी म्हणाले, "तू सांगितलंस तेवढंच." तो म्हणाला, "मग ती असं काय करते? पंधरा दिवस म्हणाले होते डॉक्टर, महिना उलटला. ती माझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. तुम्ही एक शब्द सांगा, लगेच तयार होईल." मी म्हणाले, "सांगते." तो गहिवरला. "तुमचे फार उपकार आहेत," म्हणाला, आणि मी ते ऐकून घेतलं.

त्या मंगळवारी तू माझ्याकडे आंघोळीला गेली होतीस तेव्हाही त्याचा फोन आला होता. कपाटातली फाइल गेली हे त्याला कळलं होतं आणि ती कुठे गेली हेही त्याने ओळखलं होतं. तुला पुणं बघायचं नव्हतं. दगडूशेठला डोकं टेकवून येते असं घरी सांगून तू कागद वाचून घ्यायला आली होतीस, कारण गावात कोणाकडून वाचून घेतले असते तर गावभर झालं असतं, आणि घरचे खरं सांगत नव्हते. दत्ताने मला विनवलं, "मावशी, तो शब्द तिच्यासमोर उच्चारू नका, ती खचेल. गाठ आहे, पुण्यात ऑपरेशन करून काढायची आहे, थोडे दिवस औषधं घ्यायची आहेत, एवढंच सांगा. एवढं तर खरंच आहे." आणखीही काही म्हणाला. मी "बघू" म्हणाले.

तो शब्द म्हणजे कॅन्सर. लिहिला एकदाचा.

त्याने शब्द टाळायला सांगितलं होतं. मी शब्द टाळला आणि ऑपरेशनही टाळलं. श्रीनिवासांचं मी तुला लिहिलं ते शंभर टक्के खरं आहे, पण ते फक्त शब्दाला लागू पडतं. ऑपरेशनची गोष्ट मी का गाळली, ते उद्या लिहीन.

१३ मार्च

आज अस्मिता आली. आठवा महिना लागलाय, पाय सुजलेत. जावई तिला पोचवून दुपारच्या विमानाने बंगळुरूला परत गेले. आज काही लिहिणं होणार नाही.

&nbsp;

पुणे, २० एप्रिल

प्रिय गोदा,

दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, राग मानू नकोस. घरात अस्मिताची गडबड आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच हवं असा तिच्या सासूबाईंचा आग्रह, म्हणजे त्या यायच्या नाहीत आणि सूचना मात्र रोज येतील. आतल्या खोलीला रंग काढला. पाळणा मागवलाय, त्याचे तुकडे खोक्यातून आलेत आणि ते जोडायचे कसे हे इंग्रजीत लिहिलंय. ते मी बरोबर वाचलं.

डावा हात जड वाटतो असं तू लिहिलंस. दाखवलास का कोणाला? अकोल्याच्याच डॉक्टरांना दाखव, ज्यांनी पहिल्यांदा तपासलं होतं. "तू सांगितलं तं मी जाईन" असं मला विचारत बसू नकोस. मी सांगते, जा. आता सांगितलं.

"कागदावर काही चुकलं असंन का वाचायले? परत एकदा सांग," असं तू विचारलं आहेस. इतक्या महिन्यांपूर्वीचा कागद, गोदा. शब्द न् शब्द कुठे लक्षात राहतो.

डोहाळजेवणाला तुझी आठवण काढली. अस्मिता म्हणाली, गोदामावशीला बोलवायला हवं होतं. एवढ्या उन्हाचं तुला कशाला त्रास द्यायचा, म्हणून बोलावलं नाही.

आनंदी

&nbsp;

पुणे, ३ जून

गोदा,

हे पत्र तू एकटी असताना वाच. पोस्टातल्या माणसाला मी तीनदा सांगितलंय, गोदाबाईंच्याच हातात द्यायचं, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नाही. तो म्हणाला, "काकू, नियम माहितेत आम्हाला." माहीत असोत. मार्चमधलं न टाकलेलं पत्र सोबत जोडलंय, ते आधी वाच आणि मग हे पुढे वाच.

तुझं पार्सल परवा मिळालं. अस्मितासाठी डिंकाचे लाडू. डब्याच्या तळाशी तुझी चिठ्ठी होती: "उजव्या हातानं वळले, डावा वर होत नाही, म्हणून लहानमोठे झाले. पाठीत अन् कमरेत लय दुखते. नागपूरले नेऊन आणलं. वात हाय म्हणतात. वात असा हाडात शिरते का वं आनंदे? दत्ता बाहेर जाऊन रडते अन् डोळे पुसून आत येते. शेवटचं विचारतो. माही जायची वेळ आली असंन तं तसं लिही, मी राधेकडे जाऊन येतो. नसंन आली तं कशाला जाऊ."

मी दत्तप्रसादला फोन केला. नागपूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्याने सांगितलं. गाठ राहिली एकीकडे, ते आता पाठीच्या मणक्यात आणि फुप्फुसात गेलंय. कापून काढण्यासारखं काही उरलेलं नाही. दुखणं कमी व्हायची औषधं दिली आहेत. दिवाळी दिसेल असं वाटत नाही म्हणाले. मग तो म्हणाला, "मावशी, आता तरी तिला काही कळू देऊ नका. आता सांगून काय उपयोग?" मी म्हणाले, "मला तिने विचारलंय, तुला नाही." एवढं बोलायला मला चार महिने लागले.

होय, गोदा. तुझी जायची वेळ आली आहे. राधाकडे जा. लवकर जा, प्रवास झेपतोय तोवर जा. दत्ताला गाडी काढायला सांग आणि त्याने का म्हणून विचारलं तर त्याला हे पत्र दाखव. त्याला रागावू नकोस. तो तुला वाचवायला खोटं बोलत होता. फेब्रुवारीत तो सांगत होता तसं तू केलं असतंस तर वाचण्याची शक्यता चांगली होती, असं डॉक्टरांनीच लिहिलं होतं. तू त्याचं ऐकलं नाहीस, माझं ऐकलंस.

आता बाकावरचं सांगते.

तू फाइल माझ्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "आधी इंग्रजीत वाच, मोठ्यानं. मंग मराठीत सांग. जसं हाय तसं. पोट्टे खोटं बोलतात, तू मास्तरसमोरही कधी खोटं बोलली नाई." म्हणून मी आधी इंग्रजीत वाचलं. मोठ्याने, सावकाश, वर्गात वाचायचे तसं. एकही शब्द गाळला नाही. डॉक्टर लोक त्या रोगाला कागदावर वेगळ्याच नावाने लिहितात, कॅन्सर हा शब्द त्यात कुठेच नव्हता, नाहीतर तुला तिथेच समजलं असतं. तू माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकलंस. म्हणजे तुझं मरण मी तुला वाचून दाखवलं होतं, फक्त तुला येत नाही त्या भाषेत. मग तू म्हणालीस, "आता सांग."

आणि मी सांगितलं, "साधी गाठ आहे. वयाबरोबर होते. काही करायची गरज नाही."

तू डोळे मिटलेस. माझा हात धरलास. मग म्हणालीस, "चल, परत त्या नागाले पाहून येऊ." आपण गेलो. तू काचेला नाक लावून लहान मुलीसारखी हसत होतीस आणि मी तुझ्या मागे उभी राहून गाडीची वेळ बघत होते.

का सांगितलं, ते मार्चमध्ये लिहायचं राहिलं. श्रीनिवासांमुळे नव्हे. ते कारण मी नंतर शोधलं आणि मलाच पटवलं.

त्या सकाळी दत्ता आणखी एक म्हणाला होता. "मावशी, ऑपरेशननंतर पाच-सहा महिने दवाखान्यात जाऊन-येऊन राहावं लागेल. मी अर्ध्या पगाराची रजा घेतो, पण आईला परक्या ठिकाणी करमणार नाही. तुमच्याकडे राहिली तर तिला ऑपरेशनची भीतीच वाटणार नाही. आतली खोली रिकामी असते ना?" आतली खोली रिकामी होती, गोदा. पण अस्मिताला दिवस गेलेले होते आणि ती मार्चमध्ये यायची होती. बाळंतिणीच्या घरात हे आजारपण, केस गेलेली बाई, उलट्या, येणारे-जाणारे, तुझा मुलगा, तुझी सून. एवढं सगळं माझ्या दोन खोल्यांत कसं होणार. मला फोनवर सरळ म्हणता आलं असतं, "दत्ता, माझ्याकडे जमणार नाही, दुसरीकडे खोली बघ, मी रोज डबा आणीन." असं म्हटलं असतं तर तू वाईट वाटून घेतलं असतंस आणि आज जिवंत राहण्याच्या वाटेवर असतीस. पण नाही म्हणणं मला अप्रशस्त वाटलं. बालमैत्रिणीला नाही कसं म्हणायचं. नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून ऑपरेशनच नको असं सांगून टाकलं, म्हणजे राहायचा प्रश्नच मिटला.

तुला पुणं दाखवत होते तेव्हा दिवसभर मी हाच विचार करत होते. दगडूशेठच्या रांगेत, तुळशीबागेत, जेवताना. खोली कुठली, पलंग कुठे, अस्मिताच्या सासूबाई काय म्हणतील. बाकावर बसेपर्यंत माझं ठरलेलं होतं. तुला फाइल काढायची घाई नव्हती, मलाच होती, कारण गाडी साडेसहाची होती.

नंतर तू लिहीत राहिलीस आणि मी प्रत्येक पत्रात थोडंसं मागे घेतलं, तुला कळेल इतकं नाही, मला झोप लागेल इतकं. एप्रिलमध्ये "शब्द लक्षात नाहीत" असं लिहिलं. त्या फाइलची चित्रं मी मोबाइलवर काढून ठेवली होती, तुझ्या बाजूलाच बसून. तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, तळ्याचा फोटो काढतेय.

अस्मिताला मुलगी झाली. तीन आठवडे झाले. आतल्या खोलीत झोपली आहे. अस्मिता तुझे लाडू रोज एक खाते आणि म्हणते, असे लाडू इथे विकत मिळत नाहीत. तिला मी काल सगळं सांगितलं. ती लाडू हातात धरून बसली होती, तो तिने डब्यात परत ठेवला. म्हणाली, "आई, मी हॉटेलात राहिले असते." तेव्हापासून कामापुरतं बोलते.

मी तुझ्याकडे येऊ का, असं विचारणार नाही. तू ये म्हणालीस तर येईन, आणि तू ये म्हणणार नाहीस. क्षमाही मागत नाही. माफ करायला माणसाकडे वेळ असावा लागतो आणि तो मीच घालवला. तू मला एकच काम सांगितलं होतंस आणि ते मी केलं नाही. ते आज करते. इंग्रजीत तू ऐकलेलंच आहेस. मराठी खाली देते, ओळीला ओळ, जसं आहे तसं.

"रुग्णाचं नाव: गोदाबाई. वय: त्रेसष्ट.

डाव्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासला. हा कॅन्सर आहे. तो गाठीबाहेरच्या भागात शिरू लागला आहे.

काखेतल्या एका गाठीतही तो आढळला. शरीरात इतरत्र पसरल्याचं आज दिसत नाही.

या टप्प्यावर उपचार केल्यास बरं होण्याची शक्यता चांगली आहे.

पंधरा दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावी. उशीर करू नये. त्यानंतर औषधोपचार पाच ते सहा महिने.

उपचारांसाठी पुण्याला पाठवत आहोत. रुग्णाच्या राहण्याची सोय तिथे मैत्रिणीच्या घरी होणार आहे, असं मुलाने सांगितलं."

आनंदी